रूळ उखडले, वाट राहिली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी राज्यात एक अरुंद, सपाट वाट आहे. राज्याच्या पूर्वेस मॅचेन्स या ठिकाणी ती सुरू होते, दीडशे मैलांहून अधिक अंतर मिसूरी नदीच्या उत्तर तीराने जाते, बूनव्हिल येथे नदी ओलांडते आणि पुढे माळरानातून आणि शेतांतून वाट काढीत क्लिंटन या गावी संपते. तिची लांबी सुमारे २४० मैल, म्हणजे ३८६ किलोमीटर आहे. चुनखडीची बारीक खडी दाबून बसविलेल्या या वाटेवर मोटारींना मज्जाव असून तिच्यावरून पायी चालणारे व सायकलस्वार जातात. काही टप्प्यांत घोडेस्वारांनाही परवानगी आहे.

या वाटेचा इतिहास ज्याला ठाऊक नाही अशा प्रवाशालाही दोन गोष्टी लवकरच जाणवतात. पहिली ही की, ही वाट कोठेही एकाएकी चढत नाही अथवा उतरत नाही. वळण घ्यावयाचे झाल्यास ते फार दुरून आणि सावकाश घेते. दुसरी ही की, थोड्या थोड्या अंतरावर एखादे लहानसे गाव लागते आणि त्या गावात धान्याचे उंच कोठार, एखादे जुने दुकान आणि पूर्वीच्या स्थानकाची खूण हटकून दिसते. दोहोंचे कारण एकच आहे. ही वाट मुळात पायवाट नव्हेच. तो एका लोहमार्गाचा भराव आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून मार्ग सपाट राखला गेला. इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे आणि शेतकऱ्याला धान्याची गाडी जुंपून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या जवळ स्थानक हवे असे, म्हणून गावे अशी ओळीने वसली.

तो लोहमार्ग मिसूरी, कॅन्सस अँड टेक्सस रेल्वे या कंपनीचा होता. तिच्या लांबलचक नावातील कॅन्सस व टेक्सस या शब्दांची आद्याक्षरे, के आणि टी, लोकांच्या बोलण्यात एकत्र आली आणि कंपनीला ‘केटी’ हे मुलीचे नाव मिळाले. कंपनी गेली, गाड्या गेल्या, रूळही गेले. परंतु ते नाव मात्र ‘केटी ट्रेल’ या रूपाने टिकून राहिले आहे.

या वाटेच्या काठची पुष्कळ गावे अगदी लहान, काही शेकड्यांच्या वस्तीची आहेत. प्रवासाचे साधन बदलले की त्यांचे दैव पालटे. नदीने त्यांतील काहींना जन्म दिला, आगगाडीने त्यांना वाढविले, मोटारीने त्यांना बाजूला सारले आणि रूळ उखडल्यानंतर उरलेल्या भरावाने त्यांपैकी काहींना पुन्हा हात दिला. हा भराव अखंड कसा राहिला, तो राहावा म्हणून कोणी काय दिले आणि त्यापायी कोणाचे काय गेले, याची हकीकत कोणत्याही देशातील लहान गावांच्या हितचिंतकांनी समजून घेण्याजोगी आहे.

नदीची गावे

लोहमार्ग येण्यापूर्वी या प्रदेशाचा राजमार्ग म्हणजे मिसूरी नदी होय. वाटेच्या पूर्व टोकाजवळचे सेंट चार्ल्स हे गाव १७६९ मध्ये फ्रेंच कॅनडातून आलेल्या लुई ब्लांशेत याने वसविले. लुईस आणि क्लार्क यांची पश्चिमेकडील अज्ञात प्रदेशाच्या शोधाची प्रसिद्ध मोहीम २१ मे १८०४ रोजी येथूनच नदीच्या उलट प्रवाहाने निघाली. १८२१ मध्ये मिसूरी हे राज्य म्हणून संघात आले तेव्हा त्याची पहिली राजधानीही सेंट चार्ल्स हीच होती; १८२६ मध्ये ती जेफर्सन सिटी येथे हलविण्यात आली.

पुढे डिफायन्स आणि मार्थासव्हिल ही गावे लागतात. या टापूत डॅनियल बून या विख्यात वनवीराने आपले अखेरचे दिवस घालविले. तो १८२० मध्ये डिफायन्सजवळच्या एका दगडी घरात वारला आणि मार्थासव्हिलजवळ त्याला पुरण्यात आले. पंचवीस वर्षांनी केंटकी राज्यातील मंडळींनी त्याच्या अस्थी उकरून आपल्याकडे नेल्या. मिसूरीतील लोक आजही सांगतात की त्या मंडळींनी भलत्याच थडग्यातील अस्थी नेल्या. दोन राज्ये एका थडग्यावर हक्क सांगतात, आणि मार्थासव्हिलच्या लहानशा टेकडीवर प्रवासी थांबतात तो मुख्यतः याच कारणाने.

मार्थासव्हिलच्या शेजारी डट्झो नावाचे खेडे आहे. गॉटफ्रीड डूडेन नावाचा एक जर्मन गृहस्थ १८२४ ते १८२७ या काळात या परिसरात राहिला आणि मायदेशी परत गेल्यावर १८२९ मध्ये त्याने आपल्या वास्तव्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मिसूरीची जमीन, हवा आणि स्वातंत्र्य यांचे त्याने केलेले वर्णन इतके मोहक होते की, ते वाचून हजारो जर्मन कुटुंबांनी अटलांटिक महासागर ओलांडला. डट्झो हे १८३२ मध्ये अशाच वसाहतकारांनी वसविले. नदीच्या पलीकडील हर्मन हे गाव, अलीकडील ऑगस्टा आणि ऱ्हाइनलँड ही गावे या एकाच ओघातील होत. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून आलेल्या या लोकांनी मिसूरीच्या उतारांवर द्राक्षमळे लावले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील द्राक्षमद्याचा व्यवसाय देशात नावाजला गेला.

परंतु नदी ही जशी देते तशी नेतेही. याचा पहिला अनुभव फ्रँकलिन या गावाला आला. १८१६ मध्ये वसलेल्या या गावाने तीन वर्षांत स्वतःचे वृत्तपत्रही काढले. सेंट लुईच्या पश्चिमेस निघालेले ते पहिलेच वृत्तपत्र होते. १८२१ मध्ये विल्यम बेकनेल हा व्यापारी येथूनच मेक्सिकोच्या मुलुखातील सांता फेकडे माल घेऊन निघाला आणि त्याच्या मागोमाग एक मोठा व्यापारी मार्ग रुळला. पुढे वाटाड्या म्हणून कीर्ती मिळविणारा किट कार्सन हा या गावात जिनगराच्या हाताखाली उमेदवारी करीत होता आणि १८२६ मध्ये तेथूनच तो पळून गेला. इतके सारे वैभव अवघ्या दहा-बारा वर्षांचे ठरले. १८२६ ते १८२८ या काळातील पुरांनी नदीने काठ कातरला, गाव वाहून गेले, आणि लोकांनी उंचावर ‘न्यू फ्रँकलिन’ वसविले. ऑगस्टाच्या वाट्याला याच्या उलट दैव आले. तेथे १८७२ मध्ये नदीने पात्र बदलले आणि आगबोटींचा धक्का एकाएकी कोरड्या जमिनीवर उभा राहिला. एका गावाला नदीने बुडविले आणि दुसऱ्याला टाकून दिले.

आगगाडीचा काळ

केटी कंपनीची स्थापना १८७० मध्ये झाली आणि तिचे रूळ सेडेलियाच्या बाजूने येऊन १८७३ च्या सुमारास बूनव्हिलपाशी नदीला भिडले. तेथून पूर्वेकडे नदीकाठाने सेंट लुईच्या दिशेला जाणारा फाटा मात्र वीस वर्षांनी, १८९० नंतरच्या दशकात पुरा झाला. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला चुनखडीचे उभे कडे, अशा चिंचोळ्या पट्टीतून हा मार्ग न्यावा लागला. रोशपोर्ट गावाजवळ कडा इतका पुढे आला होता की तेथे बोगदा खणण्याखेरीज गत्यंतर नव्हते. १८९३ सालचा हा २४३ फूट लांबीचा, दगडी कमानीचा बोगदा आजही शाबूत असून सायकलस्वार त्यातूनच जातात.

रोशपोर्ट हे स्वतः १८२५ मध्ये वसलेले नदीबंदर. १८४० च्या उन्हाळ्यात तेथे व्हिग पक्षाचे राज्यव्यापी अधिवेशन भरले होते व त्यासाठी दुरून आलेल्या माणसांनी गावाची शीव भरून गेली होती, हे आजच्या दोनशे वस्तीच्या गावाकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही. आगबोटींचा व्यापार मंदावला तेव्हा या गावाला लोहमार्गाने सावरले. हार्ट्सबर्ग, ट्रेलोर, टेबेट्स यांसारख्या खेड्यांच्या बाजारपेठा तर स्थानकाभोवतीच उभ्या राहिल्या. मोकेन या गावाने रेल्वेचे ऋण आपल्या नावातच जतन केले आहे. हा फाटा बांधणाऱ्या मिसूरी, कॅन्सस अँड ईस्टर्न या उपकंपनीच्या नावाचे तुकडे जोडून ते नाव तयार झाले.

या मार्गावरील मोठ्या गावांपैकी सेडेलिया हे एक. जॉर्ज स्मिथ नामक गृहस्थाने रेल्वे येणार या भरवशावर माळावर हे शहर आखले आणि आपल्या मुलीच्या लाडक्या नावावरून त्याचे नामकरण केले. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये टेक्सासमधून गुरांचे प्रचंड कळप हाकीत या स्थानकाकडे आणले जात. येथून ती गुरे आगगाडीने पूर्वेकडील शहरांत रवाना होत. केटीची कार्यशाळा येथे होती, आणि कामगार, व्यापारी व फिरते विक्रेते यांच्या वर्दळीमुळे करमणुकीची ठिकाणेही पुष्कळ होती. अशाच ठिकाणी पियानो वाजविणाऱ्या स्कॉट जॉप्लिन या कृष्णवर्णीय संगीतकाराची ‘मेपल लीफ रॅग’ ही रचना १८९९ मध्ये येथील जॉन स्टार्क या प्रकाशकाने छापली. ‘रॅगटाइम’ या नावाने जगभर गेलेल्या संगीताच्या इतिहासात या रेल्वेच्या गावाला त्यामुळे कायमचे स्थान मिळाले.

ओहोटी

अमेरिकेतील लोहमार्गांची एकूण लांबी १९१६ मध्ये सुमारे २ लाख ५४ हजार मैलांवर पोहोचली. तो कळस होता. त्यानंतर पक्के रस्ते आणि मोटारी आल्या. मग मालमोटारी आल्या. आणि ज्या शेतकऱ्याला स्थानक जवळ हवे होते त्यालाच ते लागेनासे झाले. कमी उत्पन्नाचे मार्ग चालविणे कंपन्यांना परवडेना. १९७६ व १९८० मधील कायद्यांनी असे मार्ग बंद करणे त्यांना सुलभ करून दिले आणि हजारो मैलांचे रूळ भंगारात गेले.

केटीच्या नदीकाठच्या फाट्यावर उतारूंच्या गाड्या आधीच थांबल्या होत्या. मालगाड्या तेवढ्या धावत होत्या. नदीला पूर आला की भराव खचे, आणि दुरुस्तीचा खर्च मिळकतीहून अधिक होई. १९८६ च्या शरद ऋतूत मोठा पूर आला. त्या वर्षी ४ ऑक्टोबर रोजी कंपनीने मॅचेन्स ते सेडेलिया हा मार्ग वाहतुकीस बंद केला. दोन वर्षांनी खुद्द केटी कंपनीच युनियन पॅसिफिक या बलाढ्य कंपनीत विलीन झाली.

वहिवाटीचा प्रश्न

येथे एक कायदेशीर बारकावा ध्यानात घेतल्याखेरीज पुढील हकीकतीचा उलगडा होणार नाही. लोहमार्गाखालची जमीन नेहमीच रेल्वे कंपनीच्या मालकीची असे असे नव्हे. पुष्कळ ठिकाणी कंपनीने शेतकऱ्याकडून जमीन विकत न घेता तीवरून लोहमार्ग नेण्याचा केवळ वहिवाटीचा हक्क घेतलेला असे. गाडी धावते तोवर हक्क कंपनीचा. मार्ग सोडून दिला की जमिनीवरील हे ओझे उतरावयाचे आणि ती मूळ धन्याच्या वारसाच्या किंवा लगतच्या मालकाच्या पूर्ण ताब्यात यावयाची, असा त्याचा अर्थ. परिणामी कोणताही मार्ग बंद झाला की त्याचे शेकडो तुकडे होत. एकजण आपल्या तुकड्यावर नांगर फिरवी, दुसरा कुंपण घाली, तिसरा गुरांचा गोठा बांधी. सबंध मार्ग पुन्हा कधी जोडावयाचा म्हटले तर ते जवळजवळ अशक्य होऊन बसे.

यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९८३ मध्ये राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यात दुरुस्ती केली. पुढेमागे देशाला या मार्गांची पुन्हा गरज पडू शकेल, या विचाराने एक तरतूद करण्यात आली. बंद होऊ घातलेला मार्ग एखाद्या सार्वजनिक संस्थेने किंवा राज्याने सांभाळण्याची जबाबदारी घेतली, तर तो ‘सोडून दिला’ असे कायद्याने मानावयाचे नाही. तो राखून ठेवला आहे असे मानावयाचे, आणि मधल्या काळात त्याचा वापर पायवाट म्हणून करावयाचा. या व्यवस्थेला ‘रेलबँकिंग’ असे नाव पडले. पेढीत ठेवलेली रक्कम जशी केव्हाही काढता येते, तसा हा मार्ग केव्हाही लोहमार्गासाठी परत घेता यावा, ही त्यामागील कल्पना.

रूळ काढून वाट करण्याची कल्पना त्यापूर्वीचीच होती. विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा हा मार्ग १९६० नंतरच्या दशकात अशा प्रकारे वापरात आणला गेला होता. परंतु मिसूरीतील मार्ग त्याच्या कितीतरी पट लांब, आणि राज्याकडे त्यासाठी पैसा नव्हता. हा पैसा एडवर्ड जोन्स या धनिक दलालाने आणि त्याची पत्नी पॅट हिने दिला. मार्गाचा हक्क मिळविण्यासाठी २ लाख डॉलर आणि वाट बांधण्यासाठी सुमारे २० लाख डॉलर अशी त्यांची देणगी होती. देणगी पुढे आली आणि राज्याने १९८७ मध्ये मार्ग ताब्यात घेण्याचा करार केला.

लगतच्या शेतकऱ्यांचा मात्र याला कडवा विरोध झाला. आजोबांनी रेल्वेला वाट दिली, ती रेल्वेसाठी दिली. आता रेल्वे नाही तर जमीन आमची, हा त्यांचा युक्तिवाद साधा आणि सरळ होता. शिवाय घर आणि शेत यांच्या मधून परके लोक रात्रंदिवस जाऊ लागतील, चोऱ्या होतील, कुंपणे मोडतील, ही भीतीही होती. प्रकरण न्यायालयात गेले. व्हरमाँट राज्यातील अशाच एका वादात संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एकमताने असा निर्णय दिला की, १९८३ ची तरतूद घटनेशी सुसंगत आहे. परंतु तिच्यामुळे एखाद्याची मालमत्ता हिरावली गेली असेल तर तो केंद्र सरकारकडे भरपाई मागू शकतो. केटी मार्गालगतच्या काही मालकांनी हीच दिशा धरली. २००० मध्ये केंद्रीय दावे न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. लोहमार्गासाठी दिलेली वहिवाट आणि सहलीची वाट या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी जमीन घेतली तर तिचा मोबदला दिलाच पाहिजे, असे त्याचे सार होते.

हे दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. सार्वजनिक हितासाठी मार्ग अखंड ठेवणे योग्य, हे पहिल्याने मान्य केले. त्या हिताची किंमत काठच्या शेतकऱ्याने एकट्याने सोसू नये, हे दुसऱ्याने सांगितले. वाट लोकांची झाली तेव्हा तिच्यासाठी कोणाचे तरी काही गेले होते, आणि ते मान्य करावयास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट या वाटेच्या स्तुतीत अनेकदा झाकली जाते.

पुन्हा पूर

केटी वाटेचा पहिला टप्पा रोशपोर्ट येथे एप्रिल १९९० मध्ये खुला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एडवर्ड जोन्स मरण पावला. पुढील वर्षी युनियन पॅसिफिकने सेडेलिया ते क्लिंटन हा ३३ मैलांचा टप्पा राज्याला दान दिला. काम वेगाने चालले असतानाच १९९३ चा उन्हाळा उजाडला आणि मिसूरी व मिसिसिपी या दोन्ही नद्यांना महापूर आला. तोवर तयार झालेल्या १२६ मैलांपैकी ७५ मैल वाट या पुराने उद्ध्वस्त केली. ज्या कारणाने रेल्वे हरली होती तेच कारण पुन्हा समोर उभे राहिले.

फरक इतकाच की, पायवाटेची दुरुस्ती लोहमार्गाच्या मानाने सोपी असते. तिच्यावर हजारो टनांची गाडी धावावयाची नसते. भराव पुन्हा घालून, खडी पसरून, दाबून ती चालू करता येते. राज्याने ती तशी केलीही. गावांचे काम मात्र अवघड होते. ऱ्हाइनलँड येथील रहिवाशांनी त्या पुरानंतर वारंवार बुडणारी जागा सोडण्याचा निर्णय घेतला. सरकारी साहाय्याने त्यांनी पुष्कळशी घरे उचलून जवळच्या चढावर नेली आणि वसती तेथे हलविली. फ्रँकलिनच्या लोकांनी १८२८ मध्ये जे केले होते तेच त्यांनी १६५ वर्षांनंतर केले. हार्ट्सबर्गनेही याच पुराचा तडाखा सोसला, आणि जागा न सोडता ते पुन्हा उभे राहिले. त्याच्या भोपळ्यांच्या जत्रेला दर ऑक्टोबरात दूरवरून गर्दी लोटते.

वाटेचे उरलेले तुकडे सावकाश जोडले गेले. सेंट चार्ल्स ते मॅचेन्स हा पूर्वेचा शेवटचा टप्पा २०११ मध्ये खुला झाला. २०१६ च्या डिसेंबरात विंडसर या गावापासून कॅन्सस सिटीच्या दिशेने ४७ मैलांचा आणखी एक जुना लोहमार्ग वाटेच्या रूपाने तिला येऊन मिळाला.

पुलाचा वाद

मार्ग अखंड राखणे म्हणजे काय, हे बूनव्हिलच्या पुलाच्या वादाने सर्वांना पुन्हा शिकविले. यादवी युद्धाच्या आरंभी, १७ जून १८६१ रोजी, या गावाजवळ एक महत्त्वाची चकमक झाली होती आणि १८५७ मधील तेथील नाट्यगृह अद्याप उभे आहे. परंतु गावाची खूण म्हणजे नदीवरचा केटीचा लोखंडी पूल. १९३२ मध्ये पुरा झालेल्या या पुलाचा मधला ४०८ फुटांचा गाळा आगबोटींना वाट देण्यासाठी सबंध वर उचलला जाई. गाड्या बंद झाल्यावर पूल निकामी उभा राहिला. युनियन पॅसिफिकला त्यातील पोलाद आपल्या दुसऱ्या पुलासाठी हवे होते.

गावाला पूल हवा होता तो केवळ अभिमानापोटी नव्हे. राखून ठेवलेला मार्ग हा जोडलेला असला पाहिजे; मधला पूलच नाहीसा झाला तर पूर्वेचा दीडशे मैलांचा मार्ग आणि पश्चिमेचा भाग यांचा दुवा तुटतो, आणि मग मार्ग ‘राखून ठेवला’ हा दावाच डळमळीत होईल, अशी भीती होती. राज्याचे तत्कालीन ॲटर्नी जनरल जे निक्सन यांनी २००५ मध्ये पूल वाचविण्यासाठी दावा दाखल केला. वाद पाच वर्षे चालला. अखेर कंपनीने आपल्या नव्या पुलाची सोय वेगळ्या मार्गाने केली आणि २०१० मध्ये हा पूल बूनव्हिल गावाला देऊन टाकला. तोवर निक्सन राज्याचे गव्हर्नर झाले होते. गावकऱ्यांनी निधी जमवून २०१६ मध्ये पुलाचा एक भाग पादचाऱ्यांसाठी खुला केला. नदी ओलांडण्यासाठी सायकलस्वारांना शेजारच्या रस्त्याच्या पुलावरूनच जावे लागते. तरीही केटीचा पूल उभा आहे.

गावांना काय मिळाले

राज्याच्या उद्यान खात्याने २०१२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार वर्षाकाठी सुमारे ४ लाख लोक या वाटेवर येत होते आणि त्यांच्यामुळे राज्यात सुमारे १ कोटी ८५ लाख डॉलरची उलाढाल होत होती. मोठ्या शहराच्या हिशेबात ही रक्कम नगण्य ठरेल. दोनशे वस्तीच्या गावात मात्र एक खाणावळ, सायकलींचे एक दुकान आणि उतारूंसाठी दोन-तीन घरे चालणे म्हणजे गाव जिवंत राहणे होय. रोशपोर्टमधील जुनी घरे अशीच पांथस्थांची निवासस्थाने झाली. ऑगस्टाच्या परिसरातील द्राक्षमळे १९२० च्या दारूबंदीने उजाड केले होते. १९६० नंतर ते पुन्हा लागू लागले, आणि १९८० मध्ये ऑगस्टाला देशातील पहिले अधिकृत द्राक्षमद्य क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. त्या मळ्यांना वाटेवरून येणारे गिऱ्हाईक लाभले.

तथापि सर्वच गावे तरली असे म्हणता येणार नाही. मॅचेन्स हे आज बहुतांशी नकाशावरचे नाव आहे. काही स्थानकांच्या जागी पाटीखेरीज काही उरलेले नाही. ज्या गावाकडे दाखविण्यासारखे काही होते, थांबलेल्या माणसाला पाणी, जेवण व निवारा देण्याची ज्याची तयारी होती, त्याला वाटेचा लाभ झाला; इतरांच्या शेजारून ती नुसती निघून जाते. पूर्वी आगगाडीही काही खेड्यांत न थांबता जाई, तसेच हे आहे.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. गायकवाड सरकारने १८६२ मध्ये डभोईचा अरुंद मार्ग सुरू केला तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढीत असत. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या दोन फुटी मार्गाचे पहिले फाटे १८९९ मध्ये चालू झाले आणि १९०९ मध्ये ते रूळ श्योपूरला पोहोचले. त्या मार्गावरील गाडी २०२० मध्ये थांबली व रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. येथे रेल्वेची जमीन बहुतांशी सरकारी असल्याने तिचे तुकडे शेजाऱ्यांकडे परत जाण्याचा अमेरिकेसारखा प्रसंग सहसा येत नाही, आणि रूळ रुंद झाले तर गावाला गाडी परत मिळते. परंतु जेथे मार्ग सरळ होऊन जुने स्थानक बाजूला पडते, तेथील बाजारपेठेपुढे रोशपोर्ट किंवा मोकेनपुढे होता तोच प्रश्न उभा राहतो. जुनी जागा कोणाच्या ताब्यात जाते आणि तिचे काय होते, हे पहिल्या काही वर्षांतच ठरून जाते. नंतर सुचलेले शहाणपण बहुधा कुंपणांवर जाऊन आदळते.

केटी वाटेच्या बाबतीत ते शहाणपण वेळेवर सुचले, म्हणून ती आहे. तिच्यावरून सायकली जात असल्या तरी १९८३ च्या कायद्याच्या दृष्टीने तो लोहमार्ग सोडून दिलेला नाही. देशाला गरज पडलीच, तर त्या भरावावर पुन्हा रूळ टाकण्याची तरतूद कागदोपत्री कायम आहे.